तक्त्याची शेवटली ओळ

"हॅलो?… हॅलो?… व्हय, चंद्रभागाबाईच बोलायले. नौबादच्या अंधशाळेतली मास्तरीण… हैदराबादहून? द्या, द्या की लवकर."

कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत चंद्रभागाबाईंनी फोनचा चोंगा दोन्ही हातांनी धरला होता. शेजारच्या अंधशाळेला सरकारी इमदाद, म्हणजे पैशांची मदत, मंजूर होती, फोन मंजूर नव्हता. त्यामुळे शाळेची सुखदुःखं या जिनिंगमध्ये येत आणि हमाल बोलवायला धावे.

"अक्का? शिवगंगाक्का?… मी बरी हाय. तू कामून फोन केलीस? पैसे पडत्यात की… डॉक्टर? कुठला डॉक्टर?… आमच्याकडं कुणी आजारी न्हाई, अक्का. शिकणाऱ्या बिराप्पाला तेवढा खोकला हाय… आं?… शिकणाऱ्यांचे न्हाई? शिकवणाऱ्यांचे डोळे तपासणार?"

चंद्रभागाबाई खाली बसल्या. स्टूल होतं म्हणून स्टुलावर बसल्या; नसतं तरी बसल्याच असत्या.

लामेवरून, म्हणजे लढाईवरून, डोळे गमावून आलेले शिपाई गावोगाव ओट्यावर बसून राहिले, तेव्हा सरकारनं त्यांना धंदा शिकवायचं मनावर घेतलं. शिकवायला माणसं हवीत, म्हणून माणसं शिकवायला इमदाद काढली. त्या इमदादीवर चंद्रभागाबाई आणि शिवगंगाक्का वर्षभर हैदराबादेत राहून आल्या. अक्का पुढं तिथंच कचेरीत चिकटली, चंद्रभागाबाई बीदरच्या या नौबादला आल्या. इमदादीला एकच अट होती: शिकवणाऱ्याची नजर शाबूत पाहिजे. ही अट ज्यानं घातली त्याची स्वतःची नजर उत्तम असणार.

"कधी?… उद्याच्या गाडीनं? उद्या?… न्हाई ग, घाबरले न्हाई. खाली बसले तेवढी… अक्का, तुला एकटीला ठाऊक हाय. तू कुठं बोललीस तर न्हाईस?… बरं बरं, चिडू नको. मला सांग, काय करू?"

बाहेर अंगणात मोटार घरघरली. कापसाचा खटारा आला असणार, असं चंद्रभागाबाईंच्या कानांनी ठरवलं. सगळं ठरवायचं काम आता कानांकडेच होतं. दोन सालांत नजर कडेकडेनं मिटत आली होती. उरलं होतं मधलं भोक. सुतळीच्या रिळातून बघावं तेवढं जग दिसे; त्यातही संध्याकाळी दिसत नसे.

"व्हय ग, आठवतंय. डोळ्याला पट्टी बांधून खुर्च्या विणायला लावले होते आपल्याला. तू तुझाच पदर खुर्चीत विणलीस. उठलीस तर खुर्ची पाठीमागं आली… हसू नको, अक्का, मला रडू यायलंय… व्हय, मी पहिली आले. साहेब म्हणले, या बाईला पट्टीनं काय फरकच पडत न्हाई. कसा पडंल?… आन तू त्या म्हाताऱ्या शिपायाचं मनगट धरून ओढलीस, तर केवढं बोलले तुला. मनगट धरायचं न्हाई, हाताच्या पाठीवर अलगद हात ठेवायचा… व्हय, मी तसंच शिकवते. अजून तसंच."

दार करकरलं. पावलं आली, कोपऱ्यातली खुर्ची कुरकुरली.

"कुणी न्हाई ग. मुनीम हाय इथला, किशनराव. त्याचीच खुर्ची हाय ती. ठार बहिरा हाय, कानाशी भोंगा वाजला तरी मान वळवणार न्हाई. तू बोल."

त्यांनी भोकातून तिकडं एकदा पाहून घेतलं. पांढरी बाही, गुडघ्यावर ठेवलेला हात. किशनराव पांढरंच घालत असे. आज लवंगेचा वास येत होता. दाढ दुखत असेल बिचाऱ्याची.

"तक्ता? कसला तक्ता?… भिंतीवर टांगून अक्षरं वाचायला लावत्यात? एकेका डोळ्यानं?… तीन तक्ते? उर्दू, मराठी, कानडी. जे येतं ते सांगायचं… मग मराठीच सांगन… तुझ्यासमोर हाय? तिथंच टांगलाय? अक्का, तू माझी मायच हाईस. सांग, सांग. पाठ करते."

गळ्यावरचा घाम पुसून चंद्रभागाबाई ताठ झाल्या. शाळेत बाराखडी म्हणतानाही त्या इतक्या ताठ बसल्या नव्हत्या.

"ट. टरबुजाचा ट. पुढं… ग, म. गंगेचा, मैलूरचा… प, र, न. परात, राजूबाई, नौबाद… थांब, थांब. ट. ग म. प र न. झालं… ह, ल, स… सोपं हाय, हुलसूरला सासर हाय माझं. तिथली अक्षरं विसरते व्हय मी? तिथं परत जायची येळ आली तर दीर म्हणंल, सरकारनं वर्षभर खाऊ घालून पाठवलं, आता आमी घालावं… तसं न्हाई ग, अक्का. भाकरीची भीती न्हाई मला. आज मी बाकाच्या या अंगाला हाय. बिराप्पा मला 'बाई, बाई' म्हणतोय. उद्या कुणीतरी मलाच त्याच्या शेजारी बसवंल, आन माझ्या हाताच्या पाठीवर हात ठेवून सुतळी कशी धरायची ते शिकवंल. मी शिकवलेलंच मला. ते न्हाई सोसणार… व्हय, व्हय. पुन्हा म्हणते. ट. ग म. प र न. ह ल स. बरोबर? आता शेवटली ओळ सांग, बारकी."

पलीकडं अक्का भिंतीजवळ जाऊन अक्षरं बघून येत असावी.

"हां, आलीस?… आधी तसं सांग की, कसा माणूस हाय. मला आवाजावरून तरी वळखू दे… गुरुशांतप्पा नाव. लई बोलत न्हाई… बरं… तोंडात सारखी काय? लवंग?"

तेवढ्यात अंगणातून किशनरावाचा आवाज आला. बहिऱ्या माणसाचा मोकळा, वेशीपर्यंत जाणारा आवाज. तो हमालांना सांगत होता, की पावण्यांची मोटार सावलीत लावा.

चंद्रभागाबाई हलल्या नाहीत. कोपऱ्यातली खुर्चीही हलली नाही.

"अक्का," त्या हळू म्हणाल्या, "शेवटली ओळ राहू दे… न्हाई, नको सांगू. तुला कसं सांगू… गाडीनं न्हाई ग. अक्का?… हॅलो?"

फोनमध्ये नुसती घुंईघुंई उरली. मग तीही गेली.

चंद्रभागाबाईंनी चोंगा कानाचा काढला नाही. माणूस फोनवर बोलत असताना त्याची तपासणी करता येत नाही, असा काही नियम असलाच तर तो मोडायचा त्यांचा विचार नव्हता.

"व्हय… व्हय अक्का… पाऊसपाणी बरं हाय. अनसाबाईला पोरगी झाली. बारसं झालं की… व्हय. बिराप्पाचा खोकला? हाय तसाच… ऐकते ना, बोल तू."

खुर्ची कुरकुरली. पावलं मेजापाशी येऊन थांबली. लवंगेचा वास जवळ आला. आणखी एक "व्हय" त्यांनी फोनमध्ये टाकलं आणि मग चोंगा खाली घेतला.

चोंगा अडकवायचा आकडा कुठं आहे ते त्यांना पाठ होतं. रोजचाच होता. पण आज हाताला तो सापडेना. चोंगा लाकडावर आपटला, पुन्हा आपटला. भोकात कधी भिंत येई, कधी दिनदर्शिकेवरची तारीख, आकडा काही येईना.

त्यांच्या हाताच्या पाठीवर एक हात आला. मनगट धरलं नाही, ओढलं नाही. अलगद होता, शिकवलेला होता. त्यानं चोंगा आकड्यापर्यंत नेला, अडकवला आणि तो बाजूला झाला.

मग डॉक्टरसाहेबांनी विचारलं, कोणता तक्ता लावू.

ट, ग म, प र न, ह ल स ही सगळी अक्षरं चंद्रभागाबाईंच्या जिभेवर तयार उभी होती.

"कोणताच लावू नका, साहेब," त्या म्हणाल्या.