तीर्थाची चूळ

नवस बोलताना बाईनं धुराचा विचार आधी करावा, हे मला कुणी सांगितलंच नाही हो! मी आपली दम्यानं बेजार, रात्ररात्र भिंतीला टेकून बसलेली, देवापुढे हात जोडून म्हटलं, "देवा, एवढा श्वास सरळ चालू दे, घरात सत्यनारायण घालीन." झाला श्वास सरळ! आता सत्यनारायण म्हणजे काय? उदबत्त्या, धूप, कापूर... म्हणजे ज्या दम्यातून सुटले म्हणून पूजा, त्याच दम्याला पाट-रांगोळी करून बोलावणं!

आणि श्वास सरळ झाला तो देवाच्या कृपेनं, नाही कोण म्हणतं? पण तुम्हाला सांगते, ती कृपा आली दम्याच्या पंपातून. डॉक्टर म्हणाले, "काकू, यात दोन औषधं आहेत. एक श्वासनळ्या मोकळ्या ठेवतं, दुसरं आतली सूज उतरवतं. सकाळ-संध्याकाळ घ्यायचं, बरं वाटलं तरी घ्यायचं. कुंकवासारखं! कुंकू काय सणापुरतं लावता?" आणि वर बजावलं, "घेतलं की चूळ भरून थुंकायचं. गिळायचं नाही. नाहीतर तोंड येईल."

ते सगळं मी केलं हो. पण लपून! कारण आमच्या उमेळे गावात पंप असायचा एकतर विहिरीवर, नाहीतर सायकलवाल्याकडे. माणसाला लागला की लोक आवाज खाली आणून बोलतात, "पंपावर आहे म्हणे..." म्हणजे झालंच, आता बारावा-तेरावाच! म्हणून माझा पंप वातींच्या डब्यात. वाती वळायच्या निमित्तानं आत जायचं, फुस्स करायचं, देवाचं नाव घेत श्वास धरायचा, मग मोरीत चूळ. शेजारची कमळी एकदा विचारते, "वहिनी, सकाळ-संध्याकाळ थुंकण्याचा आवाज येतो... मिश्री लावायला लागलात का?" काय सांगू? म्हटलं, "हो!" मिश्रीवाली म्हटलेलं चाललं मला, पंपवाली नाही! श्वास गेला तर परत येतो हो, लाज गेली की गेली!

त्यात आमच्या ह्यांचा स्वभाव! आमच्या ऋतिकाला विरारच्या परेशचं स्थळ आलेलं, मुलामुलीची पसंती झालेली, फक्त बोलणी बाकी. तर हे परस्पर फोनवर, "सत्यनारायण आहे, या की प्रसादाला, बोलणीही उरकून टाकू!" आईला दमा आहे हे कळलं तर उद्या लेकीच्या छातीला कान लावतील ना लोक! ठरत आलेलं लग्न माझ्या खोकल्यानं मोडायचं?

आली मंडळी. मुलाची आई, जयवंतीबाई, एकदम भारदस्त. मी पूजेजवळ सतरंजी घातलेली, तर त्या जाऊन बसल्या थेट दाराशी, नाकाला पदर लावून! मला वाटलं, आमचं घर नाही आवडलं यांना. वर विचारतात कशा, "नवस कशाचा हो, सावित्रीबाई?"

कशाचा! मी म्हटलं, "घरात... सुखशांती असावी म्हणून." सत्यनारायणासमोर बसून खोटं बोलले! कथेत खोटं बोलणाऱ्याच्या नावेतल्या धनाचा पाला होतो ना? माझी तर नावच धुरात बुडायला लागली. पाचवा अध्याय संपेपर्यंत छातीत शिट्टी. आरतीला कापूर पेटला, माझ्या तोंडून "जय देव" निघतंय आणि "जय" नि "देव"च्या मध्ये पाऊण मैल अंतर! संध्याकाळचं औषध घ्यायचं राहूनच गेलेलं. आरती संपली तशी वातींचा डबा उचलला, आत पळाले, फुस्स! श्वास धरला, सोडला, आता चूळ... तर बाहेरून गुरुजी, "वहिनी! यजमानीणबाई! तीर्थ घ्या आधी, मंडळी खोळंबलीत!"

आले धावत. हात पुढे केला, गुरुजींनी पळीभर तीर्थ घातलं. आणि तुम्हाला सांगते, सवय फार वाईट हो... औषधानंतर हाताला ओलं लागलं की तोंडाला एकच काम माहीत! मान मागे, डोळे मिटलेले, गुळगुळगुळगुळ... दूध, दही, मध, साखर, सगळ्यांची चूळ! आणि पुढच्या क्षणाला गॅलरीतल्या तुळशीत... पच्चकन!

डोळे उघडले. ह्यांचा चेहरा गुरुजींच्या धोतरासारखा पांढरा. ऋतिका भिंतीकडे तोंड करून उभी. गुरुजी म्हणाले, "वहिनी, तीर्थ तुळशीला घालतात हे बरोबर... पण तोंडातून वळसा घालून नाही!"

श्वास गेला तर परत येतो हो, लाज गेली की गेली! मला वाटलं, तुळशीच्या कुंडीत उडी मारावी. मावले असते तर मारलीही असती.

तेवढ्यात दाराशी बसलेल्या जयवंतीबाई उठल्या. गेलं स्थळ, म्हटलं. आल्या, माझा हात धरला, आत नेलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, "सकाळ-संध्याकाळ का?"

मी नुसती मान हलवली. डोळ्यांत पाणी.

त्यांनी पर्समधून रुमाल काढला. मला डोळे पुसायला, असं वाटलं. रुमालात पंप! "तीन वर्षं झाली," म्हणाल्या. "घरात ह्यांना सोडून कुणाला माहीत नाही. परेशलाही नाही. धुरापासून लांब बसले तर तुम्हाला वाटलं असेल, बाई गर्विष्ठ आहे. आणि एक सांगू? एका चुळीनं भागत नाही, दोन-तीनदा भरायची असते!"

लग्न झालं हो! आता त्या आल्या की आम्ही विहिणी विहिणी मोरीपाशी उभ्या, गुळगुळ, गुळगुळ... जावई म्हणतात, "आई, जुगलबंदी झाली असेल तर जेवायला या." वातींच्या डब्यात आता वातीच असतात. पंप समोर, फडताळावर, सगळ्यांना दिसेल असा. कमळीलाही सांगून टाकलं, मिश्री नव्हती गं बाई ती!

म्हणून हात जोडून विनवते, तुमच्यापैकी कुणाचं औषध कुठल्या डब्यात दडलं असेल तर बाहेर काढा. देवाला नवस बोला, पण औषधही रोज घ्या, बरं वाटलं तरी घ्या, चारचौघांत घ्या. चूळही भरा. फक्त भरण्याआधी एकदा तळहाताकडे बघा... कारण गुरुजी अजून आमच्याकडे पूजेला येतात, पण मला तीर्थ देताना आधी विचारतात, "वहिनी, पिणार ना?"