हिमानीची सही

नाही हो सुरेशभाऊ, अ‍ॅपवर सही करायची नवी चावी बनवली, तिथूनच तर बिघडलं — माझ्या भाच्यानं, अनिकेतनं, अ‍ॅप दुरुस्त केलं, केळीचे भाव पुन्हा दिसायला लागले, सगळं बरोबर. पण आमच्या जसोंडी गावातल्या लोकांच्या फोनमध्ये ते जातच नाही. सही जुळत नाही म्हणतो फोन. कशी जुळेल? जुनी सही हिमानीची. माझी मुलगी — अ‍ॅप तिनंच बनवलं ना. अन् ह्यांनी अनिकेतला सांगितलं, तिचं नाव पुसून टाक, माझं घाल. रेशन कार्डावरचं नाव बदलावं ना, तसं. आता ह्यांचं लीलाधर नाव आलं, अन् फोन विचारतो, हा माणूस कोण?

का पुसलं म्हणजे... तसंच. लग्न झालं तिचं. हो, झालं — तिचं तिनं केलं. राहू द्या ते.

जुनं काढून नवं टाका? तेही सांगून पाहिलं. म्हातारी माणसं, वर्षभराच्या मालाच्या नोंदी त्यातच, कोण काढेल? अन् तोवर व्यापारी तोंडाला येईल तो भाव सांगतो — घड कापलेले, केळी थांबते का कोणासाठी? जुनी चावी आहे हो, ह्याच लॅपटॉपमध्ये आहे. पण पासवर्ड मागते. मी देवांची नावं टाकली, माझं माहेर टाकलं, तिच्या मांजरीचं नाव टाकलं. काही नाही. तुमच्यानंही नाही उघडणार? तिच्याशिवाय कोणालाच नाही?

मी कसं विचारू? ह्यांनी शपथ घातलीय — तिच्याशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड पाहशील. मग? नंबर आहे की, पाठ आहे. तुम्ही लावा ना, भाऊ. कॉम्प्युटरच्या दुकानातून बोलतोय म्हणा, पासवर्ड तेवढा विचारा, माझं नाव नका घेऊ. अन् स्पीकर नको... बरं, चालू ठेवा. आवाज तरी ऐकते. ऐकणं म्हणजे बोलणं थोडंच आहे?

वाजतोय. उचलला — अगंबाई, सर्दी झालीय वाटतं हिला, केवढा बसलाय घसा, विचारा ना, औषध घेतलं का —

माझा आवाज ऐकला हिनं? ‘आई?’ म्हणतेय... सुरेशभाऊ, तुम्ही बोला ना काहीतरी. सांगा, इथे कोणी नाही. गिऱ्हाईक आहे म्हणा. नका — ठेवा. फोन ठेवा. लॅपटॉपही बंद करा, मी जाते.