शहराची शेपटी

मेव्हिस : नकाशा चुकलाय, ओरिन. हा असा छापायला देता येणार नाही.

ओरिन : चुकला नाही. मीच तसा काढायला सांगितला. शहर नदीपाशी सुरू होतं आणि धान्याच्या कोठारापाशी संपतं. बेल्डन फोर्कमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मेव्हिस : आणि शेपटी?

ओरिन : कसली शेपटी, ताई?

मेव्हिस : हे बघ, बहीण मी तुझी घरी. या कामात मी नगरपालिकेची कारकून आहे आणि तू नगराध्यक्ष. कोठारापासून टेकडीपर्यंतचा रस्ता तू शहराच्या हद्दीत घेतलास. आजूबाजूची शेतं नाहीत, घरं नाहीत, नुसता रस्ता. आणि रस्त्याच्या टोकाला तुरुंग. हद्दीचा खरा नकाशा बघितला, तर शहर उंदरासारखं दिसतं.

ओरिन : शहराला दीडशे वर्षं झाली म्हणून पुस्तिका काढतोय आपण. बाहेरचे पाहुणे येणार, मिरवणूक निघणार. त्यांना उंदीर कशाला दाखवायचा?

मेव्हिस : बरं, नाही दाखवत. मग लोकसंख्येच्या पानावर एक हजार आठशे चाळीस लिहिते.

ओरिन : तीन हजार एकशे बारा! जनगणनेनं दिलेला आकडा आहे. वेशीवरच्या पाटीवर रंगवूनसुद्धा झाला.

मेव्हिस : त्यातले बाराशे बहात्तर टेकडीवर राहतात, तारेच्या आत. तुला ती माणसं आकड्यात हवीत आणि नकाशात नकोत. पंगत मोजताना धरायचं आणि वाढताना उठवायचं, असं कुठं असतं का?

ओरिन : रस्त्यांसाठी राज्याकडून माणशी पैसे येतात. पुलाची डागडुजी कशातून झाली?

मेव्हिस : त्यातूनच झाली. मी कुठं नाही म्हणतेय? सभेत काय झोकात बोलला होतास! ‘तारेच्या आत असली म्हणून काय झालं, ती आपल्याच शहराची माणसं आहेत.’ मागच्या बाकावरच्या बायका डोळे पुसत होत्या.

ओरिन : इतिहासाचं पान दाखव. ते तरी नीट लिहिलंयस ना?

मेव्हिस : अर्धंच झालंय. आधी नावाडी आले. मग नदीतले शिंपले, शिंपल्यांची बटणं, बटणांचा कारखाना. शिंपले संपले, कारखान्याला टाळं लागलं. पुढे काय लिहू? ‘माणसं निघून गेली, म्हणून बाहेरून आणून ठेवली’?

ओरिन : पुढे लिही, शहरानं नव्यानं उभारी घेतली.

मेव्हिस : हो, आणि भोवती काटेरी तार घेतली. थांब, गिऱ्हाईक आलं.

(ओरिनच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या दारावरची घंटा किणकिणते. पाववाला गस टॉलिव्हर आत येतो.)

गस : काय अध्यक्ष! काय मेव्हिसबाई! दोन इंची खिळे द्या बरं मूठभर. बायकोनं मिरवणुकीसाठी शिंपला केलाय, पलंगाएवढा. माझी नात आत बसणार, मोती म्हणून.

ओरिन : शोभेल की.

गस : कसली शोभतेय! एक मिनिट ढुंगण टेकत नाही कार्टी. खिळे लागतायत ते तिच्यासाठीच! बरं, लायल काय म्हणतो? अलास्कात मासे मिळतायत ना?

ओरिन : मिळतायत, मिळतायत. परवाच फोन होता. यंदा सॅमन भरपूर आहे म्हणाला. थंडीनं हात फुटतात, एवढंच.

गस : फुटणारच. पोरगा कष्टाळू आहे हो तुमचा. सांगा त्याला, गसनं विचारलं म्हणून. येतो मी. (खिळे घेऊन जातो.)

मेव्हिस : सॅमन.

ओरिन : ताई, एक शब्द बोलू नकोस.

मेव्हिस : एक नाही, बरेच बोलायचेत. गस टेकडीवर पाव पोचवतो, माहीत आहे ना तुला?

ओरिन : मागच्या दाराशी पेट्या उतरवतो आणि गाडी वळवतो. आत कुठं जातो तो?

मेव्हिस : आत जायची गरजच नाही. पेट्या घ्यायला स्वयंपाकघरातला माणूस दाराशी येतो. बर्फ वितळल्यापासून तो माणूस म्हणजे आपला लायल.

ओरिन : तुला कुणी सांगितलं हे?

मेव्हिस : लायलनंच. दर शनिवारी जाते मी त्याच्याकडे. तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

ओरिन : म्हणजे गस रोज सकाळी त्याला बघतो... आणि इथं येऊन मला मासे विचारतो? टर उडवतो माझी? सगळं गाव मागून हसत असेल, ताई.

मेव्हिस : गसला तर तुझा राग आला होता. लायलला तोंडावर म्हणाला, ‘तुझा बाप तुला अलास्कात धाडून मोकळा झाला की रे.’ त्यावर लायल काय म्हणाला, सांगू?

ओरिन : नको.

मेव्हिस : म्हणाला, ‘गसकाका, दुकानात गेलात की माझी चौकशी करत जा. चारचौघांत करा. बाबांना माझ्याबद्दल बोलायला बरं वाटेल.’

ओरिन : थांब, हा डबा वर ठेवू दे आधी.

मेव्हिस : खिळ्यांचा डबा सांडला बघ. राहू दे, मी गोळा करते.

ओरिन : परक्या शहरात औषधांचं दुकान फोडलं त्यानं. खटला तिकडंच चालला. मला वाटलं, इथं कुणाला कळायचं काही कारण नाही, सुटेल आणि येईल. तर राज्यानं नेमका इथंच आणून टाकला त्याला. जनगणनेच्या आधीच. आकडा आला त्या दिवशी मला ठाऊक होतं, ताई, त्यातला एक माझा आहे. तरी मी केक कापला.

मेव्हिस : केक मीच आणला होता. मी खाल्लासुद्धा.

ओरिन : तिथून... तिथून गाव दिसतं का गं?

मेव्हिस : स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. झाडांवर पानं नसली की तुझ्या दुकानाचं छप्परही. मागे मी तुला म्हटलं नव्हतं, पत्रा उचकटलाय म्हणून?

ओरिन : हो. तू म्हणालीस आणि मी तो बदलला.

मेव्हिस : मला या गुडघ्यांनी छपरावरचं काय दिसणार, ओरिन? त्यानं सांगितलं होतं. नंतर म्हणाला, बाबांनी पत्रा चांगला बसवलाय.

ओरिन : ती शेपटी काढ नकाशात. ठळक काढ.

मेव्हिस : काढते. पण नकाशा काढून त्याला काय मिळणार? आज शनिवार आहे. तीनपर्यंत भेटू देतात.

ओरिन : आज? मला सोडतील?

मेव्हिस : भेटायला येणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव त्यानं तिथं आला त्याच आठवड्यात देऊन ठेवलंय. दुकान बंद कर.

ओरिन : काय बोलू मी त्याच्याशी?

मेव्हिस : काही बोलू नकोस. आधी तोच बोलेल. तू नुसता समोर बस. आणि तो पट्टा इथंच काढून ठेव, आत बक्कल चालत नाही.

ओरिन : ही पँट पट्ट्याशिवाय राहत नाही गं.

मेव्हिस : मग एका हातानं धरून चाल. तिथं बाकीचे बापही तसेच चालतात.