आबांनी हाकललेला कळप

काळवीट ओळखायचं असेल तर आमच्या आबांना विचारा, पण हाकलायचं असेल तर त्यांना घरीच ठेवा. आबा म्हणजे माझे मोठे काका, शिरपूरकडचे. परवा त्यांच्या हरभऱ्यात कळप शिरला. शेजारी म्हणाला, "दोन जातींची हरणं दिसताहेत, काळी आणि तांबडी."

आबा खवळले. "अरे, जात एकच शे! शिंगवाला काळा तो नर, बिनशिंगाच्या तांबड्या त्या माद्या. काळा मालक शे. त्याले हाकला का बठ्ठा, सारा कळप गया!"

आणि धोतर खोचून काळ्याच्या मागे सुटले. त्यानं आबांना बांधाबांधानं गोल फिरवलं आणि पुन्हा हरभऱ्यातच आणून सोडलं. माद्या निवांत चरत होत्या.

शेवटी बांधावर बसलेल्या काकू उठल्या. सगळ्यात पुढच्या म्हाताऱ्या मादीसमोर जाऊन त्यांनी पदर झटकला. ती उधळली, तिच्यामागे बाकीच्या उड्या मारत गेल्या आणि सर्वांत शेवटी काळाही पळाला.

आबा धापा टाकत आले. "पाह्यं का? बठ्ठा कळप हाकला मी!"

"हो ना," काकू म्हणाल्या, "चला आते घर."

काकू निघाल्या. आबा मुकाट्यानं त्यांच्या मागे.