सरकार पाठीशी, डोनट पोटाशी

…नाही, तुम्हीच सांगा, डोनट विकायला निघालेल्या माणसाची लघवी बँकेला कशाला हवी? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं, इथे अमेरिकेत, ॲक्रनच्या टायर कारखान्यात बावीस वर्षं साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. एकच इच्छा होती, मरायच्या आधी चार दिवस तरी डोक्यावर साहेब नको! म्हणून ठरवलं, ‘गोल्डन रिंग’ डोनटची शाखा घ्यायची, आपली स्वतःची. आता पैसे? तर छोट्या धंद्यांना सरकारी हमीचं कर्ज मिळतं म्हणे. बँकेतला तो कर्टिस, टायवर माशांची चित्रं, हसून म्हणतो, “डेल, टेन्शन कसलं घेतोस? सरकार पाठीशी आहे!”

आहे ना! पाठीशीच आहे, म्हणून तर कधी तोंड दिसलं नाही!

तीन वर्षांचे कराचे कागद आण… आणले. घर गहाण टाक… टाकलं. कधी अटक झाली असेल तर सांग… कॉलेजात असताना मॅच जिंकल्यावर गोलपोस्ट उपटून घरी नेताना पोलिसांनी धरलं होतं, तेही लिहून दे! अहो, जिंकलो होतो! जागामालक म्हणतो, ‘आधी कर्ज दाखव’. बँक म्हणते, ‘आधी जागेचा करार दाखव’. आणि मी दोघांच्या मधे, गाडीत बसून थंड कॉफी पितोय. पण सरकार पाठीशी आहे!

तेवढ्यात डोनट कंपनीने ट्रेनिंगला बोलावलं. पंधरा दिवस. नियम काय? मालकाला प्रत्येक डोनटची चव ठाऊक पाहिजे. एकेचाळीस प्रकार! रोज सकाळी सहाला सुरुवात. मी आपला आज्ञाधारक, बावीस वर्षांची सवय… सगळे खाल्ले. मेपलच्या पाकातले दोनदा.

परत आलो तर कर्टिस म्हणतो, “एकच कागद राहिलाय. तुझा आयुर्विमा. तू गेलास तर पैसे कोण देणार?”

“अरे, सरकार पाठीशी आहे ना?”

“ते बँकेच्या पाठीशी, डेल. तुझ्या नाही.”

घ्या! झालं, विम्याची नर्स आली, रक्त घेऊन गेली, बाटली भरून घेऊन गेली. चौथ्या दिवशी फोन, “मिस्टर नोवाक, तुम्ही… बसलेले आहात ना?” साखर म्हणे गगनाला भिडलीय! विमा नामंजूर. विमा नाही तर कर्ज नाही. आणि कंपनी म्हणते, एक तारखेला सही करा, नाहीतर दुकान दुसऱ्याला, शाखेसाठी आगाऊ भरलेली रक्कम बुडाली! रडलो हो मी, खरंच रडलो, स्वयंपाकघरात उभ्याने.

बायको रोंडा. जन्मात डोनटला शिवली नाही, दिवसभर गाजरं चावते. म्हणाली, “डोळे पूस. सगळं माझ्या नावावर करू.” तिचा विमा दोन दिवसांत मंजूर! कर्ज मंजूर! दुकान तिचं, सही तिची, पाटी तिची. मी फक्त घर गहाण टाकायच्या कागदावर!

परवा तिने माझ्यापुढे नोकरीचा फॉर्म सरकवला. म्हटलं, “हे काय, रोंडा?” “कंपनीचा नियम आहे.” त्यात विचारलंय, ‘दुकानात कोणी नातेवाईक?’ मी लिहिलं, ‘मालकिणीचा नवरा.’ तिने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “ठीक आहे. पण हे नवरा-बिवरा घरी. उद्या सहाला ये, टोपी घालून… आणि डेल, डोनटला हात लावायचा नाही.”

काय म्हणणार? म्हटलं, “हो, साहेब.”