परवलीच्या शब्दाचं कार्ड

हॅलो? … हॅलो, छकुले? अगं मी, ताई… हो, वाचनालयातूनच. तू मीटिंगमध्ये असशील, माहितीये मला. दोन मिनिटं बाहेर ये ना… अगं ऐक ना, जीव टांगणीला लागलाय माझा!

… नाही, तब्येत बरी आहे. कॉम्प्युटरचं झालंय… आज समिती येतेय ना चार वाजता! तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर वेगळी सिस्टीम, त्यातली कुठली कायमची घ्यायची ते ठरणार. आणि अहवाल द्यायचाय मी… आत्ता? पावणेचार.

… हो, हो, तक्ता केलाय. तू सांगितलास तसाच. वापरायला सोपी किती, टिकून चालते किती, सुरक्षित किती. प्रत्येकी दहा मार्क… वाचू? बरं. विंडोज, सोपेपणाला नऊ. सगळ्यांना येतंच. इतकं येतं की तिघं वाचक पुस्तक बदलायला आले आणि पत्ते खेळत बसले… टिकून चालणं? एकदा बंद पडलं… नाही गं, त्याची काय चूक! मावशींनी झाडताना पंख्याची समजून त्याचीच वायर काढली. मी मावशींचे दोन मार्क कापलेत.

मॅक… सुरेख आहे, प्रश्नच नाही. म्हणूनच कुणी हात लावेना! मीच त्याच्यावर टेबलक्लॉथ घातलाय, धूळ नको बसायला. महिन्याच्या चाचणीत एकदाही अडलं नाही… अं? … हो, चालूही दोनदाच केलं म्हणा.

आणि तुझं लाडकं लिनक्स. अगं, त्याला मी दहापैकी अकरा देणार होते! तू बसवून दिल्यापासून दोन वर्षं कुरकुर नाही. आणि हुशार किती! मी पुस्तकांच्या नोंदीत घाईघाईनं काही चुकीचं भरलं ना, लेखकाचं नाव म्हण, साल म्हण, की दोन दिवसांनी बघावं तर बरोबर झालेलं… म्हणजे काय 'असं होत नाही'? माझ्या डोळ्यांनी बघतेय ना मी! … बरं बाई. बँकेचे कॉम्प्युटर तू सांभाळतेस, तूच शहाणी.

पण ते राहू दे. आज तेच उघडत नाहीये… पासवर्ड… विसरले नाही! पाठ होता कधी? बावीस अक्षरं ठेवायला लावलीस, मध्येच जाळीचं चिन्ह, मध्येच चांदणीचं, अर्धी अक्षरं मोठी, अर्धी लहान. मला माझा फोन नंबर आठवत नाही!

… हो, म्हणाली होतीस. 'चिठ्ठीवर लिहू नकोस, वहीत लिहू नकोस, स्क्रीनला चिकटवू नकोस.' यातलं काहीएक केलं नाही मी… कार्डावर लिहिला… कुठलं म्हणजे? कॅटलॉगचं. 'प'च्या खणात, अक्षरानुक्रमे. वर 'परवलीचा शब्द', खाली पासवर्ड, कोपऱ्यात लाल शाईनं 'गोपनीय'. रोज बघून टाकायचा, परत ठेवायचा…

ओरडू नकोस! कान गेला माझा… कपाट हॉलमध्येच, अजून कुठे असणार? वाचनालयात खाजगी खण कसला आलाय! … अगं, सत्तावीस वर्षांत मी इथला एक कागद हरवू दिला नाही, तो या खणांच्याच जोरावर!

… तेच तर सांगतेय. कार्ड जागेवर नाही. अख्खा खण उपसला. आजूबाजूचेही चार उपसले. कुणी काढून भलतीकडे खुपसलं असेल तर कसलं सापडतंय! चोवीस हजार कार्डं आहेत…

ती दुसरी किल्ली? पासवर्ड गेला तर वापरायची, लांबलचक आकड्यांची? आहे ना, जपून ठेवलीय… त्याच कार्डाच्या पाठीमागे.

बॅकअप? रोज घेते! एक दिवस चुकवलेला नाही… त्याच कॉम्प्युटरमध्ये.

… परत ओरडलीस!

… रडत नाहीये मी. नाक चोंदलंय… अगं, दोन वर्षं एकेक कार्ड बघून भरलंय त्यात. चष्म्याचा नंबर वाढला. पुढच्या वर्षी निवृत्त होतेय, हे एक काम नीट करून जायचं होतं. पुन्हा पहिल्यापासून नाही गं होणार माझ्याच्यानं…

थांब. समितीचे अध्यक्ष आले. … अगं तेच, चित्रकलेचे मास्तर होते ते. शाईचा डाग दिसला तर अर्ज परत करणारे… ठेवू नकोस फोन. मला धीर तरी राहील. सांगूनच टाकते.

या सर… हो, बहीण आहे फोनवर. सर, एक गोष्ट झालीय. फार मोठी चूक झालीय माझ्याकडून. ते 'प'च्या खणातलं एक कार्ड… काय? … तुमच्याकडे?

छकुले! अगं, त्यांच्या खिशातून निघालं! म्हणतात, कार्ड फार मळलं होतं, कडा काळ्या पडल्या होत्या, शोभेना. म्हणून घरी नेऊन नवीन लिहून आणलंय… अगं काय सुंदर अक्षर! जाळी तर जाळी, चांदणीसुद्धा कशी टपोरी काढलीय! … हो, पाठीमागची किल्लीपण उतरवलीय, लाल शाईत. वर प्लॅस्टिकही चढवलंय.

टाकते, टाकते… उघडलं! अगं उघडलं! सगळं आहे! … हो, पाणी पिते.

… काय विचारू? … सर, ती विचारतेय, कार्ड एवढं मळलं कसं? मी तर हात धुऊन… काय म्हणता? एका माणसाच्या हातानं एवढं मळत नाही?

… छकुले, कोपऱ्यातल्या टेबलावरचे ते मुद्रितशोधक आजोबा उठून उभे राहिलेत. म्हणतात, 'ताई, चुका दिसल्या की राहवत नव्हतं.' … हो गं, कार्ड बघून तेच दुरुस्त करत होते! मी जेवायला गेले की! आणि बेकरीवाल्या बाईही हात वर करतायत… शेवटची पानं नसलेली पुस्तकं त्यांनी नोंदवलीत. दीडशे! …

… नको गं रागावू. मला किती बरं वाटतंय! मला वाटायचं, दोन वर्षं मी एकटीच मरमर मरतेय. आणि इथे ही सगळी माणसं गुपचूप माझ्यासाठी…

हो, लिहिते. सुरक्षिततेला किती? … लिनक्सला दहा आणि मला शून्य. बरं. लिहिलं.

… आणि बॅकअप वेगळ्या जागी. उद्या तूच येतेस? ये बाई… पासवर्ड? बदलते ना, आत्ताच्या आत्ता. हो, नवा, कठीण, कुणालाही कळणार नाही असा. वचन… अहो, सगळे जरा इकडे या! नवा पासवर्ड ठरवायचाय, सुचवा काहीतरी! … आजोबा, मोठ्यानं बोला… नको, बेकरीवाल्या बाईंना जड जाईल तो… सर म्हणतात, हात वर करून मत घेऊ या… हॅलो? … छकुले? … हॅलो?

ठेवला वाटतं.