तिच्या दारातली बिनगिअरची गाडी

माझं नाव भीमाशंकर, पन गावात तसं कोन म्हनत न्हाय, भीमाण्णा म्हनलं की बारकं पोरगं बी घर दाखवतंय. मी मंद्रूपचा. जन्म हितलाच, आन् हाडं बी हितंच पडनार. शाळा म्हनाल तर दुसरीपतोर गेलो, मास्तरनं एकदा कान पिळला, मी म्हनलं हा कान माझ्या बापाचा हाय, तुमचा न्हाय, आन् पाटीदप्तर तितंच टाकून आलो ते आजून आनायला गेलो न्हाय. सही करतो, रस्त्यावरच्या फलकावरचं गावाचं नाव वाचतो, डायवरला आनि काय लागतं सांगा की.

व्हय, डायवर. पोट भरलं ते वडापच्या जीपवर. मंद्रूप ते सोलापूर, विजापूर नाक्यापतोर, दिवसभर नुसतं जा आन् ये. यष्टीची वाट बघून कट्टाळलेली मानसं आमच्या जीपमदी भरायची, आन् भरायची म्हंजे भरायचीच, मागं भरली की पुढं, पुढं भरली की माझ्या उजव्या अंगाला बी एक जन घ्यायचा, मग तो निम्मा आत आन् निम्मा वाऱ्यावर, आन् डायवर मदी चेपल्याला. डावा हात मानसांत असा घट्ट बसायचा की नाक खाजलं तरी खाजवता येत नसे. आता गिअर तर डाव्या हाताला. तो दांडा माझ्या शेजारी जो बसंल त्याच्या दोन्ही गुडग्यांच्या मदी यायचा, त्यामुळं त्या जाग्यावर बसायला कोन राजी नसे, दरवेळी कुना गरीब म्हाताऱ्याला आत रेटायचं आन् गिअर टाकताना त्याच्या मांडीची माफी मागायची.

तर लग्न झालं. बायको मैंदर्गीची, नीलव्वा. तिच्या घरात सगळं कानडी, मराठीचा एक शबुद येत न्हाय, आन् मला कानडी येत होतं ते बाजारापुरतं, म्हंजे आकडे तेवढे. भाव करायला लागतात की. वंदु, यरडु, मूरु, नाकु. एवढ्यावर संसार कसा करायचा? ती काय बोलली की मी मान हलवायचो, मी काय बोललो की ती म्हनायची सुम्न कुंद्रि. मला वाटलं काय गोड बोलतीय. सा म्हैन्यांनी कळलं की त्याचा अर्थ गप बसा.

ती कडक भाकरी आन् शेंगाचटणी करायची, सोलापुरात न्हेऊन इकायची, हात असा की चटणी संपायची आन् गिऱ्हाईक ऱ्हायचं. मराठी बी ती पुढं त्या गिऱ्हाइकांतच शिकली. पहिल्यांदा टोपली घिऊन जीपमदी आली तवा बाजारचा दिवस, मुंगीला जागा न्हाय, म्हनलं बस हितं, गिअरपाशी. घरची बाई, कोन काय म्हननार. सीनेचा पूल गेला, चढ लागला, जीप कन्हाया लागली, माझा हात अडकलेला. काय करू, क्लच दाबला आन् वरडलो, यरडु. आन् काय सांगू तुमाला, त्या बाईनं दांडा धरला आन् खट्ट आवाज न करता दुसरा टाकला. मागची सगळी माना वर करून बघाया लागली. एक जन म्हनला, भीमाण्णा, आता तू उतर, वैनीलाच चालवू दे.

तवापासून ती जागा तिची. मी क्लच दाबायचा, आकडा वरडायचा, ती गिअर टाकायची. नाकु म्हनलं की मागची पोरं नाकाला हात लावायची आन् हसायची. पन गाडी दोघांची चालायची. मी गावभर सांगायचो, माझी बायको माझ्या शब्दावर चालतीय, एक आकडा वरडलो की काम झालं. लई मिरवलो बगा त्यावर.

पुढं जीपचं वय झालं, ती भंगारात गेली. मग एक जुनी बारकी मोटार घेतली, घरापुरती. मुख्य काम म्हंजे दर आमोशाला मैंदर्गी. तितं नीलव्वाची थोरली भन हाय, अक्का म्हनतात, डोळ्यांनी आता दिसत न्हाय, आन् माहेरचं म्हनून नीलव्वाला तेवढी एकच उरलीय. हिच्या हातची चटणी, दोघींचं डोक्याला डोकं लावून दिवसभर बोलनं, आन् मी कट्ट्यावर झोपनं, असं आमचं ठरल्यालं.

तेवढ्यात माझा डावा गुडगा गेला. आपरेशन केलं. डाक्टर म्हनला, बाबा, चाला, फिरा, पन ह्या पायानं क्लच दाबायचा न्हाय. मी म्हनलं, मग उजव्यानं दाबू का? तो हसला, मी हसलो न्हाय. मोटार दारात उभी ऱ्हायली, वर ताडपत्री घातली, मांजरीनं मागच्या शीटवर पिल्लं घातली. आन् नीलव्वा यष्टीनं जाया लागली. मंद्रूपवरनं सोलापूर, सोलापूरवरनं अक्कलकोट, तितनं पुढं मैंदर्गी. तोंडानं काय बोलायची न्हाय, पन आल्यावर उंबऱ्यावर बसायची ती पानी पिऊन बी उठायची न्हाय.

माझं पोरगं संतोष, सोलापुरात शाळेत क्लार्क हाय, जुळे सोलापुरात ऱ्हातंय. ते म्हनलं, अप्पा, करंटवरची गाडी घिऊ. लहान, सगळ्यात साधी. तिला क्लच न्हाय, गिअर न्हाय, डाव्या पायाला कामच न्हाय. मी म्हनलं, गिअर न्हाय? मग डायवरनं करायचं काय, खिडकीतनं बगायचं? ते म्हनलं, अप्पा, ऐका की. मी काय ऐकतो. तसाच उठलो आन् शिद्रामच्या चहाच्या टपरीवर गेलो, तितं आमची सगळी म्हातारी बसतात, आन् सगळ्यांच्या म्होरं बोलून बसलो, ज्या गाडीला गिअर न्हाय ती गाडी माझ्या दारात उभी ऱ्हानार न्हाय.

आता गावात एकदा बोललं की बोललं. शिद्राम म्हनला, आन् उभी ऱ्हायली तर? मी म्हनलं, तर तुझ्या टपरीवरचा चहा सोडीन. चहा सोडीन म्हनलो म्हंजे बगा किती तापलो असंन.

संतोष हट्टाला पेटला, कुनाचं पोरगं हाय शेवटी. मी म्हनायचो, लाईट गेली म्हंजे? ते म्हनायचं, रात्रभरात कवा तरी येतीच की, पंख्याला लावतो तसं पिनला लावायचं, सकाळी भरल्याली. मी म्हनायचो, आवाज न्हाय, शेळ्या बाजूला कशा हुतील? ते म्हनायचं, हारन हाय. मी म्हनायचो, वाटंत संपली म्हंजे ढकलायची कुनी? नीलव्वा चुलीपाशी बसून भाकरी थापायची, ह्या भांडनात एक शबुद बोलायची न्हाय.

मग एका आमोशाला तिची अक्कलकोटातली शेवटची गाडी चुकली. संतोष जाऊन घिऊन आला. घरात आली, टोपली ठिवली, आन् मला म्हनली, अक्का इचारत हुती, भीमाण्णा रुसलाय का, हारन ऐकू येत न्हाय हल्ली. बास, एवढंच बोलली आन् पाय धुवायला गेली. अक्काचं असं, आमच्या मोटारीचा हारन वेशीत वाजला की ती घरात चहाला आधन ठेवायची. मला जेवन ग्वाड लागलं न्हाय. सकाळी संतोषला म्हनलं, चल. पन ध्यानात ठेव, बगायला येतोय, घ्यायला न्हाय.

नीलव्वाला बी घिऊन शोरूममदी गेलो. धोतर धुतल्यालं, टोपी कडक. फरशी अशी की आपलंच तोंड दिसावं. एक पोरगी आली, या आजोबा म्हनली, पानी दिलं. मी म्हनलं, बाळ, गिअर कुटं हाय ते आधी दाखव. ती म्हनली, आजोबा, गिअर नाहीच, हे गोल बटन फिरवायचं, एकीकडं पुढं, एकीकडं मागं. मी म्हनलं, हे तर आमच्या मिक्सरला बी हाय. नीलव्वानं पदर तोंडाला लावला. मग मी कामाचं इचारलं, मंद्रूपवरनं मैंदर्गीला जाऊन माघारी यायला पुरंल का, मदी कुटं न लावता. ती म्हनली, पुरून उरंल. मी म्हनलं, सोलापूरचा उनाळा हाय, गार हवा चालू ठेवली तर? ती म्हनली, मग जरा कमी जाईल आजोबा, पन तरी घरी याल. खोटं बोलली नसंल, तोंड बगून कळतंय, बरीच पाशिंजरं बघितलीत मी.

म्हनली, चालवून बगा. मी चालवायला बसलो, शेजारी नीलव्वा, मागं संतोष आन् ती पोरगी. बटन फिरवलं. चालू झाली का न्हाय तेच कळंना. मी इचारलं, आता चावी कवा फिरवायची? पोरगी म्हनली, आजोबा, गाडी चालूच हाय. पाय दिला तर सरकली, जशी काय कुनी मागनं हळूच ढकलली. विजापूर नाका आला, सिग्नल लागला, आन् माझा डावा पाय आपसूक उचलला आन् ठप्पकन मोकळ्या जागंवर आपटला. असा राग आला. म्हनलं, ह्याला गाडी म्हनायची? पायाखाली काय न्हाय, हाताखाली काय न्हाय.

तसाच पुढं आमच्या रस्त्याला लावली. सीनेचा पूल गेला, तितनं गाडी माघारी वळवली आन् पूल परत वलांडला. चढ लागला. गाडीत आवाज न्हाय, वारा न्हाय, मानसं न्हाईत, आपला श्वास ऐकू यावा एवढं गप. आन् त्या गप गाडीत मला ऐकू आलं, बाजूला कोनतरी पुटपुटतंय. मूरु. मग जरा थांबून, यरडु. मी बघितलं. आमच्या दोघांच्या मदी खाचंत पान्याची बाटली ठिवली हुती, ती नीलव्वानं मुठीत धरल्याली, आन् बरोब्बर त्या चढावर, जितं जीप कन्हायची तितं, तिनं ती बाटली मागं वढली. बाटलीला दुसरा गिअर टाकला बाईनं.

संतोष मागं हसून लोळाया लागला. मी गाडी कडंला घेतली. म्हनलं, अगं मी आकडा वरडलो कुटं, तुला कसं कळलं? ती म्हनली, कवा ऐकू आलाय मला तुमचा आकडा. म्हनलं, काय? ती म्हनली, त्या जीपच्या आवाजात देव वरडला तरी ऐकू आला नसता. तुमी वरडायचा ते मला वाटायचं पाशिंजरांवर वरडताय, पैशावरनं. म्हनलं, मग गिअर कशावर टाकत हुतीस इतकी वरसं? ती म्हनली, तुमच्या गुडग्यावर. डावा गुडगा वर आला की मी टाकायची. जोरात आला तर चढ, हळू आला तर सपाट. आकडे मी माझे मोजायची, हाताच्या ध्यानात ऱ्हावं म्हनून.

 सगळ्या गावाला सांगितलेलं, माझ्या शब्दावर चालतीय, आन् ही सगळा वेळ गुडगा बगत बसल्याली. मग हळूच म्हनली, आत्ता बी चढावर वर आला बगा, क्लच हुडकत. दुखला न्हवं? आपरेशनच्या आधी दोन वरसं मी बगत हुते, तो वर यायचा पन रडत यायचा. लई काम केलं त्यानं. आता त्याला बसू द्या.

माझी बायको इतकी सलग बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. म्हंजे बोलत असंल ती आधी बी, रोज बोलत असंल, पन आमचं सगळं बोलनं डिझेलच्या आवाजात झालेलं, मी आपला व्हय व्हय म्हनायचो. त्या चढावर गाडी उभी, हवा गार, आन् तिचं ऐकू येतंय. मी त्या शोरूमच्या पोरीला म्हनलं, बाळ, ही गाडी घ्यायची.

पन माझा शबुद. संतोष म्हनला, अप्पा, आता टपरीवर काय सांगनार? मी म्हनलं, भीमाण्णाचा शबुद मोडत न्हाय. गाडी नीलव्वाच्या नावावर घ्या, आन् पुढच्या दारात न्हाय, मागच्या दारात लावा. मागचं दार तिचं, तुळस तिची, गोठा तिचा, पिन बी गोठ्याच्या भिताडावर बसवली. म्हैस आन् गाडी एकाच छपराखाली, एक कडबा खाती, एक करंट. पुढच्या दारात आजून माझी गिअरची मोटार उभी हाय, मांजरीसकट. शिद्राम आला, पुढनं बघितलं, मागनं बघितलं, डोकं खाजवलं आन् म्हनला, भीमाण्णा, तू वकील व्हायला पायजे हुतास. आन् मला चहा पाजला. फुकट.

आमोशाला मैंदर्गीला गेलो. दोघंच. वाटंभर नीलव्वा बोलत हुती आन् मी ऐकत हुतो. अक्काच्या दारात जाऊन थांबलो तरी अक्काला पत्ता न्हाय. नीलव्वानं हात धरून गाडीपाशी आनलं, अक्कानं बोनटावरनं हात फिरवला आन् म्हनली, सप्पळ इल्ल, म्हंजे आवाजच न्हाय की हिला, मग मी आधन कवा ठेवायचं? तवापासून मी वेशीपासनंच हारन वाजवत जातो, मारुतीच्या पारावरची मानसं शिव्या देतात, देऊ द्या.

तर असं हाय आमचं. आता सध्या नीलव्वा शिकतीय. व्हय, गाडी. कच्चं लायसन काढलंय, बाजार नसतो तवा बाजाराचं मैदान मोकळं असतं, तितं संध्याकाळी जातो. पोरं बगायला येतात, शिद्राम टपरी सोडून येतो. ती चालवती, मी शेजारी. तुमाला बी गाडी मिळो, चांगला रस्ता मिळो, आन् शेजारी बसलेल्याचं बोलनं ऐकू येवो, एवढंच म्हातारा म्हनतो. काल वळनावर माझा हात आपसूक बाटलीवर गेला. मी म्हनलं, यरडु. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हनली, सुम्न कुंद्रि. बसलो गप. आता अर्थ कळतोय की.